वर्षाचा एक झगा

शास्त्रभाग : १ शमुवेल २:१८-२१, प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४२



हन्नेची गोष्ट आपल्या मंडळ्यांत बहुधा लेंकरांच्या समर्पणाच्या दिवशीं वाचली जाते. तिची प्रार्थना, एली याजकानें तिला मद्य प्यालेली समजणें, पुढें पुत्र होणें व तो परमेश्वराला देणें, इतकें सांगून उपदेशक थांबतो. परंतु त्यापुढें एक लहानसें वाक्य आहे, त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. शमुवेल शिलो येथें सेवा करूं लागल्यावर त्याची आई दरवर्षीं त्याच्यासाठीं एक लहान झगा तयार करी, आणि नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञास जाई तेव्हां तो त्याला नेऊन देई. दरवर्षीं एक; त्याहून अधिक नाहीं, आणि एखादें वर्ष चुकलें असेंही नाहीं.

ज्या मातेनें मापाला मुलगा जवळ नसतां कपडा शिवला असेल, तिला ह्या वाक्याचें मोल सांगावें लागणार नाहीं. मुलगा वर्षभरांत किती वाढला असेल, हें हन्नेस अंदाजानेंच ठरवावें लागे. झग्याच्या खालच्या कडेस तिनें चार बोटें अधिक दुमड ठेविली असावी, असें मला वाटतें; शास्त्र हें सांगत नाहीं, पण शिवणारी बाई तें जाणते. त्याच अध्यायांत हन्नेस पुढें तीन मुलगे व दोन मुली झाल्या असें लिहिलें आहे. तेव्हां शमुवेलाला तोकडा झालेला गतवर्षींचा झगा कोठें गेला असेल, हें विचारण्याचें कारण नाहीं.

ह्या वचनाच्या आधारें आज एका अगदीं संसारी विषयावर लिहावयाचें आहे. वर्षाकाठीं नवे कपडे किती घ्यावे ह्याचें माप आपणच आपणांस घालून घ्यावें, आणि जे आहेत ते सुईदोऱ्यानें व विणकामाच्या सुयांनीं टिकवावे, हा तो विषय होय. उपासनेच्या जागीं ठिगळांची व टांक्यांची भाषा कित्येकांस हलकी वाटेल. परंतु ज्या देवानें आदाम व हव्वा ह्यांस बागेंतून बाहेर काढण्यापूर्वीं स्वतः चामड्याचीं वस्त्रें करून नेसविलीं, त्याला वस्त्राची गोष्ट हलकी वाटत नव्हती हें उघड आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करितों. ज्या घरांत बाईला एकच लुगडें आहे, आणि तें धुवून वाळेपर्यंत तिला दाराआड बसावें लागतें, त्या घराला उद्देशून हा लेख नाहीं. तेथें जाऊन कमी घ्या म्हणणारा उपदेशक मोशेच्या नियमशास्त्राच्या विरुद्ध बोलतो. त्या नियमशास्त्रांत सावकाराला ताकीद आहे कीं, गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असेल तर तें सूर्यास्ताच्या आंत परत करावें, कारण रात्रीं अंगावर घ्यावयास त्याच्यापाशीं दुसरें कांहीं नसतें. योहान बाप्तिस्मा करणाऱ्यानेंही लोकसमुदायास सांगतांना, ज्याच्यापाशीं दोन अंगरखे आहेत त्यानें नसणाऱ्यास एक द्यावा असें सांगितलें. आतां पाहा, ही आज्ञा पाळावयाची तर आधीं मोजणें आलें. आपणापाशीं किती आहेत हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला दुसरा अंगरखा सांपडणार कोठून? म्हणून पेटी उघडावी, कपाट असेल तर तें उघडावें, आणि घरांतील प्रत्येकाचें वेगवेगळें मोजावें. पुष्कळ घरांत असें आढळेल कीं, रोज अंगावर पडणारे कपडे चार किंवा पांच, आणि वर्षांतून एकदांही घडी न मोडलेले त्याच्या तिप्पट.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वडिलांस ठिगळ हा शब्दही नकोसा वाटे, व त्याला कारण होतें. गांवकुसाबाहेर राहणाऱ्यानें चांगलें वस्त्र नेसलें तर तो अपराध ठरे. बाईनें लुगडें कसें व कोठवर नेसावें हेंही दुसरेच ठरवीत. मढ्यावरचें कापड व दुसऱ्यानें टाकलेलें जुनेर हेंच त्यांच्या वांट्यास येई. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांस लुगडें नेसण्याची ती हीनपणा दाखविणारी रीति सोडण्यास सांगितलें, आणि पुष्कळ जणींनीं ती लागलीच सोडली. ज्याच्या आजीनें हें सर्व भोगलें, त्याला आज कोणी ठिगळ लावून वापर असें सांगूं लागला, तर त्याच्या मनांत काय येत असेल?

ह्याचें उत्तर असें कीं, लादलेली उणीव आणि आपण होऊन घेतलेला नियम हीं दोन अगदीं निराळीं आहेत, जरी दुरून दोन्हींचा रंग सारखा दिसला तरी. १९२१ च्या सप्टेंबरांत मदुरा येथें गांधीजींनीं सदरा टाकून आंखूड पंचा नेसण्यास आरंभ केला. डॉ. आंबेडकर मात्र नीटनेटक्या पूर्ण पोषाखांत वावरले. एकाच्या कमी वस्त्रांस अर्थ होता, तसाच दुसऱ्याच्या पूर्ण पोषाखासही होता. ज्याच्यापासून हक्कानें वस्त्र हिरावून घेतलें होतें, त्यानें तें हक्कानें अंगावर घातलें. म्हणून ज्या तरुणाला त्याच्या गांवांत अजून जातीवरून हिणवितात, त्यानें बाजारांत व कचेरींत इस्त्रीचा स्वच्छ सदरा घालून जावें. त्यांत गर्व नाहीं. फक्त इतकेंच कीं, मान राखावयास तसे दोन सदरे पुरतात, वीस लागत नाहींत. आणि निघालेलें बटण घरीं लाविल्यानें त्या मानास उणेपणा येत नाहीं.

जुन्या चिंध्यांविषयीं एक सुंदर गोष्ट यिर्मयाच्या पुस्तकांत आहे. संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरींत सोडिलें होतें. त्याला वर काढावयास एबद-मलेख नांवाचा एक कूशी मनुष्य गेला. नुसता दोर सोडला असता तर काम झालें असतें. परंतु तो आधीं राजवाड्याच्या कोठारांत गेला, तेथून जुनीं फडकीं व जीर्ण वस्त्रें घेतलीं, तीं खालीं सोडलीं, आणि काखेंत दोराखालीं धर, म्हणजे दोर रुतणार नाहीं, असें यिर्मयाला सांगितलें. परक्या देशाच्या ह्या माणसाला दोराचा कांच आधींच दिसला. फाटकें कापड कोणी कोणासाठीं कसें वापरलें, ह्यावर त्याची प्रतिष्ठा ठरते.

आतां आपण होऊन घेतलेल्या नियमाविषयीं. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं जॉन वुलमन (१७२०-१७७२) नांवाचा एक क्वेकर पंथाचा मनुष्य होऊन गेला. तो शिंपी होता, व दुकानही चालवी. दुकान वाढूं लागलें, पैसा येऊं लागला, तेव्हां आनंद व्हावयाच्या ऐवजीं त्याच्या मनाला टोंचणी लागली. गरीब लोक गरजेहून अधिक व ऐपतीबाहेरचा माल उधारीवर नेत, आणि पुढें तें कर्ज फेडतां फेडतां त्यांचे हाल होत, हें त्यानें पाहिलें. तेव्हां तो आपल्या गरीब गिऱ्हाइकांस महाग माल न दाखवितां, उपयोगाचा व टिकाऊ तेवढाच घ्या असें सांगूं लागला. कोणता दुकानदार असें करील? शेवटीं त्यानें व्यापार सोडून शिवणकाम व थोडी बाग एवढ्यावरच चरितार्थ ठेविला. पुढें पुढें त्यानें रंगविलेलें कापड वापरणेंही बंद केलें, कारण रंग मळ झांकतो, काढीत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या बिनरंगी टोपीमुळें त्याच्याच पंथाचे कांहीं लोक त्याच्यापासून दूर राहूं लागले. हाच मनुष्य घरोघर जाऊन, गुलाम बाळगणाऱ्या आपल्या बांधवांस ते सोडून देण्याविषयीं नम्रपणें विनवीत असे. वस्त्राचा साधेपणा आणि दुसऱ्याच्या घामाचा विचार हे दोन्ही त्याच्या ठायीं एकाच मुळापासून निघाले होते.

पुढें अशी वेळ आली कीं, जें वुलमननें स्वखुषीनें केलें तें एका सबंध राष्ट्राला कायद्यानें करावें लागलें. दुसरें महायुद्ध चालू असतां, १ जून १९४१ रोजीं, तो पेंटेकॉस्टचा रविवार होता, ब्रिटन देशांत कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें. प्रत्येकास पहिल्या वर्षीं ६६ कूपनें मिळालीं. पुरुषाच्या कोट-पाटलोण-जाकिटास मिळून २६ कूपनें जात, बायकी लोकरी झग्याला ११, पुरुषाच्या जोड्यांस ७. विणावयाच्या लोकरीलाही दर २ औंसांस १ कूपन. पैसा असला तरी कूपनांवांचून कपडा मिळत नसे, म्हणून श्रीमंतासही गरिबाप्रमाणेंच हिशेब करावा लागला. १९४३ सालीं सरकारनें लोकांस रफू व ठिगळें शिकविणारी एक पुस्तिका छापिली. त्याच सालीं आपल्या देशांतही सरकारास कापडावर नियंत्रण घालावें लागलें. १९४७ च्या नोव्हेंबरांत राजकन्या एलिझाबेथ हिचें लग्न झालें, तेव्हां तिच्या पोषाखालाही कूपनें लागलीं. १९४९ च्या मार्चांत हें रेशनिंग उठलें.

कायदा उठला आणि कपाटें भरूं लागलीं. आज तीं इतकीं भरलीं आहेत कीं, ज्यांच्यावर कोणतेंही युद्ध नाहीं अशा माणसांस पुन्हां कूपनांची आठवण झाली आहे. २०२२ सालीं बर्लिन येथील हॉट ऑर कूल ह्या संस्थेनें हिशेब करून असें सुचविलें कीं, सधन देशांतील मनुष्यानें वर्षाला सुमारें ५ नव्या कपड्यांवर थांबावें. तेव्हांपासून कित्येक लोक कोणी न सांगतां हें माप पाळूं लागले आहेत. जुने दुरुस्त करितात, स्वेटर घरीं विणतात, आणि नवा कपडा घेतला कीं वहींत एक खूण करितात. तपासावयास शिपाई नाहीं, मोडल्यास दंड नाहीं. आपणांस हें नवल वाटूं नये; हन्नेलाही कोणी कूपन दिलें नव्हतें.

आमच्या खेड्यांस ह्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. सधन देशांचें पाप त्यांच्या माथीं. परंतु आज आठवड्याच्या बाजारांत दोनशें रुपयांस सदरा मिळतो, मोबाईलवर चित्र पाहून घरबसल्या मागवितां येतो, आणि दोन धुण्यांत त्याची शिवण उसवते. हा सदरा इतका स्वस्त कसा, हें विचारावें. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत, डाक्क्याजवळ सावार येथें, राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत कोसळली. तींत कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशींच भिंतींस तडे गेलेले दिसले होते. त्याच इमारतींतील बँकेनें आपले लोक घरीं ठेविले. शिवणाऱ्या बायांस मात्र दुसऱ्या दिवशीं कामावर यावयास लाविलें. ११०० हून अधिक माणसें त्यांत मेलीं. तडे सर्वांस दिसले होते, पण माल वेळेवर पाठवावयाचा होता, आणि दर इतका खालीं आणला होता कीं, एक दिवस काम थांबविणें मालकास परवडेना. ह्या दरांत स्वस्त कपडा मागणाऱ्या प्रत्येकाचा थोडा थोडा वांटा आहे. तो दूरच्या शहरांतील गिऱ्हाइकाचा आहे, तसा आपलाही आहे.

पाण्याचीही गोष्ट अशीच. एका सुती टी-शर्टामागें, कापूस पिकविण्यापासून धरून, सुमारें २,७०० लिटर पाणी लागतें असा हिशेब केला जातो. एका माणसाला अडीच वर्षें प्यावयास पुरेल इतकें हें पाणी आहे. वऱ्हाडचा कापूस बहुतेक पावसावरच येतो, हें खरें. परंतु उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावणाऱ्या गांवांस पाण्याचा हा आंकडा ऐकून कांहींच वाटूं नये, असें होणार नाहीं.

आणि टाकलेल्या कपड्यांचें काय होतें? पानिपताचें नांव मराठी माणसाला १७६१ पासून ठाऊक आहे. आज तेथें परदेशांत टाकलेल्या लोकरी कपड्यांच्या गांठी येतात. ते फाडून, पिंजून पुन्हां सूत काढितात, व त्याचीं स्वस्त कांबळीं करितात. हा उद्योग वाईट नाहीं. आफ्रिकेंत घाना देशाच्या आक्रा शहरीं कांतामांतो नांवाचा मोठा जुना बाजार आहे. तेथें येणाऱ्या अशा कपड्यांस लोकांनीं आपल्या भाषेंत जें नांव दिलें आहे, त्याचा अर्थ मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे असा आहे. इतके धडके कपडे जिवंत मनुष्य टाकील, हें प्रथम कोणाच्या मनांतच आलें नाहीं.

आमच्या लोकांची जुनी रीत ह्याच्या अगदीं उलट होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाहीं. लुगडें मध्यें विरलें कीं विरलेला भाग काढून दोन्ही धडके तुकडे जोडीत. ह्याला दंड घालणें म्हणत. दंड घातलेलें लुगडें आणखी दोन वर्षें चाले. मग तें जुनेर होई. त्याचा मऊ भाग तान्ह्या लेंकराच्या बाळोत्यांस व दुपट्यास जाई. उरलेलें गोधडींत जाई, थरावर थर घालून, धांवदोऱ्यानें कडेपासून मध्यापर्यंत. गोधडीही फाटली कीं तिचीं फडकीं, आणि फडक्याचें शेवटीं पोतेरें. एका लुगड्यानें घरांतल्या तीन पिढ्यांची सेवा केली म्हटलें तरी चालेल. आज बोहारीण दारांत आली कीं धडकी साडी देऊन एक स्टीलची वाटी घेतात. बोहारणीचें पोट त्यावर आहे, आणि तिनें नेलेलें कापड कोणाच्या तरी अंगावर जातें. तिच्याशीं माझें भांडण नाहीं. माझें भांडण त्या वाटीशीं आहे. साडी देण्याचें कारण जर वाटी असेल, तर नवी साडी घेण्याचें कारण लागलीच तयार होतें.

दुरुस्तीच्या कामाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून हा उपदेश अर्धा राहील. फाटलेला कपडा आधीं धुवावा, मग शिवावा. मळावर घातलेला टांका धुतल्यावर सैल पडतो. छिद्र बोटाएवढें आहे तोंच हातीं घ्यावें. ठिगळाचें कापड मूळ कापडाइतकेंच वापरलेलें असावें, आणि भोंवतालच्या विरलेल्या भागाच्या पलीकडे धडक्या कापडावर त्याची शिवण यावी. नव्या कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्राला लावूं नये, हें प्रभु येशूनेंही दृष्टांतांत सांगितलें आहे. त्या दृष्टांताचा अर्थ दुसरा आहे, व तो येथें ओढून आणीत नाहीं. परंतु न धुतलेलें कापड आटतें आणि जुन्याला ओढून फाडतें, हें ज्याला ठाऊक होतें, तो ठिगळें लावणाऱ्या घरांतच वाढला होता, ह्याविषयीं मला संशय नाहीं.

विणकामाचें तसेंच. आपल्या जुन्या कन्याशाळांत शिवण व विणकाम शिकवीत, आणि ज्या आजीबाई तेथें शिकल्या त्यांच्या बोटांत सुलट टांका व उलट टांका अजून आहेत. त्यांच्यापाशीं मुलींनीं बसावें, आणि मुलांनींही बसावें. हें बायकांचें काम असें म्हणणाऱ्यानें प्रेषित पौलाकडे पाहावें. करिंथांत अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं तो तंबू करीत असे. त्याच्या हातांस सुईचे व दाभणाचे घट्टे असतील. यूरोपांत मेंढपाळ व कोळी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या विणीत आले. लहान झालेला स्वेटर टाकूं नये. शिवण उसवून एक टोंक धरलें कीं सगळी लोकर परत मिळते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणीं सैल बांधावी, कोमट पाण्यांत हलक्या हातानें धुवावी, आणि खालीं थोडें वजन लावून सांवलींत टांगावी. वेडीवांकडी झालेली लोकर पुन्हां सरळ होते. कोपराजवळची विरलेली लोकर निराळी काढावी. मोठ्याच्या एका स्वेटरांतून लहान मुलाचा स्वेटर व एक कानटोपी सहज निघते. विणतांना एक टांका सुटला तर तेथेंच थांबून तो उचलावा. पुढें विणीत गेल्यास तो खालपर्यंत उसवीत जातो, व मग दहा ओळी सोडाव्या लागतात.

कोणी अशी शंका घेईल कीं, सर्वांनींच कमी घेतलें तर इचलकरंजी व मालेगांवच्या मागांवर काम करणाऱ्यांचें काय? ही शंका दयेंतून निघाली असेल तर ती योग्य आहे; पुष्कळदां मात्र ती खरेदी करतांना सुचत नाहीं, सोडतांना सुचते. जो चार पातळ सदरे न घेतां एक जाड विणीचा घेतो, तो विणकराला चांगल्या मालाचा दर देतो. जो तो गांवच्या शिंप्याकडे शिवून घेतो व वर्षानें त्याच्याकडेच कॉलर उलटवून घेतो, तो शिंप्याला दोनदां मजुरी देतो. आज गांवोगांवीं शिंप्याचें यंत्र बंद पडत चाललें आहे, तें आपण खरेदी कमी केली म्हणून खास नव्हे.

सर्वांत कठीण जागा म्हणजे सण आणि लग्न. नाताळास घरांतील प्रत्येकाला नवें, ह्या हट्टापायीं कित्येक घरांत डिसेंबरांत काढलेलें कर्ज पावसाळ्यापर्यंत फिटत नाहीं. गव्हाणींत ज्याला बाळंत्यांत गुंडाळून निजविलें, त्याच्या जन्मदिवसासाठीं सावकाराच्या दारीं जावें लागावें, हें किती विपरीत! लग्नाचें तर बोलावयास नको. आहेराच्या साड्या हा आपल्या लोकांत एक विचित्र व्यापार होऊन बसला आहे. हलकी साडी घ्यावयाची, ती नेसण्यासाठीं नव्हे तर देण्यासाठीं. जिला मिळते तीही ती नेसत नाहीं, पेटींत ठेवून पुढच्या लग्नांत दुसरीला देते. अशी एक साडी घडी न मोडतां पांच लग्नें फिरते, आणि पांच घरांस खर्चांत पाडते. मानपान राखला जातो म्हणावें, तर ज्या मानाचें वस्त्र कोणाच्याच अंगाला लागत नाहीं, तो मान कसला? एखाद्या मंडळीच्या पंचांनीं व पाळकांनीं एकत्र बसून आहेराच्या साड्या बंद असा ठराव केला, तर पुष्कळ बाप त्यांस दुवा देतील. एकट्यानें हें केलें तर तो कंजूष ठरतो. सर्वांनीं केलें तर कोणाची मान खालीं जात नाहीं.

घरचा नियम मात्र घरांतच ठरावा. एका संध्याकाळीं प्रार्थनेनंतर नवराबायकोनें व मोठ्या मुलांनीं बसावें, आणि वर्षाला माणशीं किती हें ठरवून कागदावर लिहावें. तीन म्हणा, पांच म्हणा. आंकड्यांत पुण्य नाहीं. शाळेचा गणवेश, बाळंतिणीचें कापड, वाढत्या मुलाचें माप आणि शेतांत-मजुरींत झिजणारा कपडा हीं मोजूं नयेत. बायकोच्या वांट्याचें माप नवऱ्यानें एकट्यानें ठरवूं नये; बहुतेक घरांत तिचा भाग आधींच सर्वांहून लहान असतो. हा नियम दुसऱ्याच्या घरावर घेऊन जाऊं नये. जुना सदरा घालून आलेल्यास उपासनेंत मागें बसविणें हें याकोबानें आपल्या पत्रांत पाप म्हणून सांगितलेंच आहे. परंतु नवा सदरा घालून आलेल्याकडे, हा ह्याचा कितवा, अशा नजरेनें पाहणें हेंही त्याच जातीचें आहे. उपदेशक-बंधूंस विशेष विनंती कीं, हा विषय मंडळींत मांडण्यापूर्वीं आपल्या घरची पेटी आधीं उघडावी.

यापो येथील दुर्कस मेली तेव्हां पेत्राला माडीवर नेलें. तेथें विधवा रडत उभ्या होत्या, आणि दुर्कस त्यांच्यांत असतांना तिनें जे अंगरखे व वस्त्रें केलीं होतीं, तीं त्या त्याला दाखवीत होत्या. तिच्या स्वतःच्या पेटींत काय होतें ह्याचा उल्लेख नाहीं. तिच्या कामाची साक्ष ज्यांनीं दिली त्या विधवा होत्या, म्हणजे ज्यांस दुसरें कोणी कापड आणून देणारें नव्हतें अशा. घरांत वांचलेलें कापड, लोकर व पैसा ह्यांची दिशा कोणती असावी हें येथें दिसतें. खरेदी कमी केली आणि वांचलेला पैसा दुसऱ्याच चैनींत गेला, तर त्या नियमानें शेजारच्या विधवेच्या अंगावर कांहींच आलें नाहीं.

प्रेषित पौलाचें शेवटचें म्हणून मानिलेलें पत्र तीमथ्याला लिहिलेलें आहे. तो बंदींत होता व मृत्यु जवळ आला हें जाणत होता. त्या पत्रांत मोठमोठ्या गोष्टींच्या मध्येंच तो सांगतो कीं, त्रोवसांत कार्पाजवळ राहिलेला माझा झगा येतांना घेऊन ये, आणि होईल तर हिवाळ्यापूर्वीं ये. रोम शहरांत त्याचे मित्र होते. कोणी नवा झगा दिला नसता असें नाहीं. त्यानें मागितला तो आपला जुनाच, प्रवासांत पावसानें भिजलेला, ओळखीचा. आणि थंडी वाजते हेंही त्यानें लपविलें नाहीं.

आपल्याकडे निफाडसारख्या भागांत व डोंगरालगतच्या वस्त्यांत डिसेंबर-जानेवारींतील रात्री किती कडक असतात, हें तेथील उपदेशकांस सांगावयास नको. म्हणून पावसाळा सरला कीं, प्रत्येक मंडळीनें आठवड्यांतील एक दुपार ह्या कामासाठीं ठरवावी. घरोघरचीं जुनेरें, उसवलेली लोकर व दुरुस्त करण्याजोगे कपडे धुवून आणावे. त्यांतून गोधड्या शिवाव्या, कानटोप्या व मुलांचे स्वेटर विणावे. कोणाच्या घरीं पांघरूण कमी आहे ह्याची चौकशी उपदेशकानें व बायबल-बाईनें आधींच, गाजावाजा न करितां, करून ठेवावी. ती ख्रिस्ती घरांपुरतीच करूं नये. देतांना फाटकें, डाग पडलेलें किंवा बटण नसलेलें कांहीं देऊं नये. जें आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाहीं तें गोधडीच्या आंतल्या थरांत जावें. सुया व कातर ज्यानें त्यानें घरच्याच आणाव्या; दोऱ्याचीं रिळें तेवढीं मंडळीच्या निधींतून घ्यावीं. दिवाळीच्या आंत आरंभ केला, तर थंडी पडण्यापूर्वीं पहिल्या दहा-बारा गोधड्या पोंचत्या होतील.